खिळ्यांची डोकी

दोस्तांनो,

'पँथर' हा शब्द आपण अमेरिकेतल्या काळ्या माणसांकडून घेतला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा ते नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथर पार्टीवरून आलं, हे आपल्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण त्या पँथरांचं तिथल्या वर्तमानपत्रांनी काय केलं आणि पँथरांनी त्या वर्तमानपत्रांचं काय केलं, असं विचारलं तर आपण गप्प. आपण नाव घेतलं, झेप घेतली, पोस्टरवरचं चित्रही घेतलं. धडा मात्र अर्धाच घेतला. राहिलेल्या अर्ध्याबद्दल हे लिहितोय.

तो धडा एका दाराच्या चौकटीवर आहे. शिकागो शहरातल्या एका भाड्याच्या घराची चौकट, तिच्यावर काळे ठिपके. पेपरानं छापलं, या गोळ्या आहेत. जवळ जाऊन बघितलं तर ती खिळ्यांची डोकी निघाली. पण त्या चौकटीपाशी जायच्या आधी ७७ वर्षं मागं जावं लागतं. कारण हा खेळ जुना आहे, आणि तो ओळखणारी पहिली माणसंही जुनी आहेत.

१

१८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना ते अर्पण केलं. तेव्हा मिसिसिपी राज्यातल्या होली स्प्रिंग्ज गावात एक पोरगी दहा-अकरा वर्षांची होती. तिचं नाव आयडा बी. वेल्स. जन्म १८६२ चा, म्हंजे जन्मानं गुलाम. १८७८ च्या पीतज्वराच्या साथीत आईबाप गेले. पोरगी सोळा वर्षांची. पाठीमागं भावंडं. शाळेत शिकवायला लागली, त्यावर घर ओढलं.

१८८४ साली आगगाडीत बायकांच्या डब्याचं तिकीट काढून ती बसली. गार्ड म्हणाला, ऊठ, पलीकडच्या डब्यात जा. ती उठली नाही. त्यानं हात धरून ओढलं, ही त्याच्या हाताला कडाडून चावली. शेवटी दोघा-तिघांनी तिला खाली काढलं. तिनं कंपनीवर दावा लावला. खालच्या कोर्टात जिंकली, ५०० डॉलर भरपाई मिळाली. १८८७ साली टेनेसीच्या वरिष्ठ कोर्टानं तो निकाल फिरवला. 'बायकांचा डबा' या शब्दातल्या 'बाई'त काळी बाई येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. शब्द सगळ्यांसाठी एकच दिसतो, मोजमाप मात्र कातडीप्रमाणं बदलतं. हे तिला तिथं कळलं.

पुढं मेम्फिस शहरात ती 'फ्री स्पीच' नावाच्या वर्तमानपत्राची भागीदार आणि संपादक झाली. काळ्या बाईनं पेपर चालवायचा, १८८९ साली. आपण आज 'माध्यमात आमची माणसं नाहीत' म्हणून रडतो, तेव्हा ही बाई आठवावी.

त्याच मेम्फिसमध्ये टॉमस मॉस नावाचा पोस्टमन होता, आयडाचा जिवाचा दोस्त. त्याच्या पोरीची ती धर्ममाता. मॉस, कॅल्व्हिन मॅकडॉवेल आणि विल स्ट्युअर्ट यांनी मिळून किराणा दुकान चालवलं होतं. नाव 'पीपल्स ग्रोसरी'. समोरच एका गोऱ्याचं दुकान. आजवर सगळी वस्ती त्याच्याच दुकानात जायची, आता गिऱ्हाईक तुटलं. १८९२ च्या मार्चमध्ये पोरांच्या गोट्यांच्या खेळावरून भांडण लागलं, ते मोठ्यांपर्यंत गेलं. एका रात्री साध्या कपड्यातली हत्यारबंद गोरी माणसं दुकानाच्या मागच्या बाजूनं आली. आतल्यांना वाटलं झुंड आली. त्यांनी गोळ्या झाडल्या, तिघे जखमी झाले. ते निघाले शेरिफची माणसं. झालं! पेपरांनी दुकानाला गुंडांचा अड्डा करून टाकलं. गोऱ्याचं दुकान धंदा, काळ्याचं दुकान अड्डा. माल तोच, साखर नि पीठ.

९ मार्चच्या पहाटे बुरखे घातलेल्या माणसांनी तिघांना तुरुंगातून काढलं, रेल्वेच्या रुळांपाशी नेलं आणि गोळ्या घातल्या. त्या रात्रीचं वर्णन गोऱ्यांच्या पेपरात इतकं बारकाईनं आलं की बातमीदार जागेवर असल्याशिवाय ते लिहिताच येऊ नये, असं आयडाचं म्हणणं. खुनी कोण, ते मात्र त्याच पेपराला ठाऊक नव्हतं. कुणालाही शिक्षा झाली नाही. मेलेल्यांच्या दुकानातला माल समोरच्या गोऱ्या दुकानदारानं मातीमोलानं घेतला.

आता एक गोष्ट नीट ऐका. लिंचिंग, म्हंजे कोर्ट नाही, कचेरी नाही, झुंडीनं माणूस धरून मारायचा, हे काही तेव्हा नवं नव्हतं. दक्षिणेत सर्रास चालायचं. आणि दर वेळी पेपर एकच कारण छापायचे: काळ्यानं गोऱ्या बाईवर हात टाकला. आयडानं आत्मचरित्रात कबूल केलंय की तोवर तिचाही त्यावर काहीसा विश्वास होता. वाईट झालं, पण त्यानंही काहीतरी केलं असेल, असं तिलाही वाटायचं. टॉमस मॉस मेला तेव्हा तिचे डोळे उघडले. कारण मॉसला ती ओळखत होती. त्यानं कुठल्याही बाईकडं वाकडा डोळा केला नव्हता. त्याचा गुन्हा एवढाच, की त्याचं दुकान चाललं.

हे वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. शत्रूचा पेपर शत्रूच वाचत नाही, आपणही वाचतो. आणि रोज वाचून वाचून आपल्याच माणसाबद्दलचा संशय आपल्याच डोक्यात घर करतो. आयडासारख्या वाघिणीच्या डोक्यात तो होता, तर तुमची-माझी काय कथा?

२

मग तिनं काय केलं? आधी पिस्तूल विकत घेतलं. मग पेपरातून सांगितलं, हे गाव सोडा. हजारो काळी माणसं मेम्फिस सोडून पश्चिमेकडं निघाली. राहिलेल्यांनी ट्रामवर बहिष्कार टाकला. कंपनीचे साहेब तिच्या कचेरीत आले, विचारायला लागले, आमचं काय चुकलं? गल्ला रिकामा झाला की साहेबाला चूक आठवते.

आणि तिसरं काम केलं ते सगळ्यात मोठं. तिनं मोजायला सुरुवात केली.

एकेका लिंचिंगचं कारण खणून काढलं. जागेवर जाऊन विचारलं. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात लिहिलं की बलात्काराची ही जुनाट थाप आता कुणाला पटत नाही. मेम्फिसच्या गोऱ्या पेपरांना वाटलं, लिहिणारा बाप्या असेल. एका पेपरानं जाहीर छापलं की याला चौकात बांधून कपाळावर डाग द्या आणि शिंप्याच्या कात्रीनं शस्त्रक्रिया करा. हे अग्रलेखात, बरं का! काळ्यानं खरं लिहिलं तर चिथावणी. गोऱ्यानं कात्री काढली तर जनमत. झुंडीनं 'फ्री स्पीच'ची कचेरी फोडली, छपाईचं सामान मोडलं. आयडा तेव्हा गावात नव्हती म्हणून वाचली. परत आलीस तर मारू, असा निरोप होता. ती न्यूयॉर्कला राहिली आणि तिथून लिहायला लागली.

१८९५ साली तिनं लिंचिंगचा हिशोब पुस्तकरूपानं काढला. आता तिची अक्कल बघा. आकडे स्वतःचे दिले असते तर लोक म्हणाले असते, काळ्या बाईचे आकडे, सोडून द्या. म्हणून तिनं आकडे घेतले 'शिकागो ट्रिब्यून'चे. हा गोऱ्यांचा मोठा पेपर दर वर्षी लिंचिंगची यादी छापायचा, आरोपासकट. आयडानं तीच यादी उचलली आणि फक्त बेरीज केली.

१८९२ साली २४१ माणसं झुंडीनं मारली. त्यातली काळी १६०. या १६० पैकी बलात्काराचा आरोप ४६ जणांवर. प्रयत्नाचा ११. खुनाचा ५८. 'वंशद्वेष' असं कारण लिहिलेले ६. कारणच न दिलेले ४. स्वसंरक्षण केलं म्हणून १. गुन्हा काय तेही न सांगता मारलेली दोन पोरं, एक मुलगा, एक मुलगी. आणि हे सगळे आरोप, शाबित झालेलं काहीच नाही.

म्हंजे ज्या कारणासाठी लिंचिंग 'नाइलाजानं' करावं लागतं म्हणून सगळा देश मान डोलावत होता, ते कारण त्यांच्याच यादीप्रमाणं दहातल्या सहा जणांच्या बाबतीत नव्हतंच. खोटं उघडं पाडायला तिला नवीन खरं शोधावं लागलं नाही. त्यांच्याच कागदावर त्यांचं खोटं पडलेलं होतं, कुणी बेरीज करत नव्हतं इतकंच.

बेरजेला उत्तर नसलं की माणसं चारित्र्यावर येतात. ती इंग्लंडात जाऊन व्याख्यानं द्यायला लागली, तशी अमेरिकेतली पत्रं चवताळली. 'न्यूयॉर्क टाइम्स'नं १८९४ साली तिला घाणेरड्या मनाची ठरवलं. त्याच 'टाइम्स'नं २०१८ साली तिचा मृत्युलेख छापला, तेव्हा विसरलो म्हणून. ती १९३१ साली वारली होती. ८७ वर्षं लागली बातमी पोचायला! २०२० साली तिला पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला, आणि लिंचिंग हा संघराज्याच्या कायद्यानं गुन्हा ठरायला २०२२ साल उजाडलं. पुरस्कार आधी, कायदा मागून.

आणखी एक सांगतो, कारण तेही लपवू नये. १९१३ साली वॉशिंग्टनला बायकांच्या मताधिकाराचा मोठा मोर्चा निघाला. गोऱ्या बायका म्हणाल्या, दक्षिणेकडच्या पाहुण्या नाराज होतील, काळ्यांनी मागं वेगळं चालावं. आयडा मागं गेली नाही. गर्दीत थांबली आणि आपल्या इलिनॉय राज्याची तुकडी आल्यावर मधेच तिच्यात घुसून चालली. दुहेरी माप फक्त शत्रूच्याच दुकानात असतं, असं नाही. आपल्या मोर्च्यात बायका कुठं चालतात आणि आपल्या अंकात त्यांची किती पानं असतात, हेही एकदा मोजून बघा.

३

पेपराचं काम पुढं सिनेमानं उचललं. १९१५ साली 'द बर्थ ऑफ ए नेशन' आला. त्यात काळा माणूस म्हंजे दात विचकणारा, गोऱ्या पोरीमागं धावणारा पशू. बऱ्याच ठिकाणी गोऱ्या नटांनीच तोंडाला काळं फासून ते सोंग केलं होतं. आणि बुरखे घातलेले कू क्लक्स क्लॅनवाले म्हंजे घोड्यावरून येणारे तारणहार. राष्ट्राध्यक्ष विल्सननं तो आपल्या निवासस्थानी लावून बघितला. त्याच वर्षी, मोडीत निघालेली क्लॅन जॉर्जियात पुन्हा उभी राहिली. काळ्यांच्या संघटनेनं न्यूयॉर्क, बॉस्टनला निदर्शनं केली. लोक म्हणाले, कलेला कला म्हणून बघा.

त्या वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कमध्येच होते. कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. काळ्यांची हार्लेम वस्ती विद्यापीठाच्या शेजारीच. त्यांनी काय काय बघितलं याच्या गोष्टी रचायची गरज नाही. पण १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या काळ्यांच्या विद्वान नेत्याला पत्र लिहिलं, त्यात दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य सांगितलं आणि काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडं दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. बघा, सहानुभूती नाही मागितली. कागद मागितला. मोठी माणसं कागद मागतात.

४

आता पँथर.

१९६६ च्या ऑक्टोबरात ओकलंडला ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी पार्टी काढली. पोलीस वस्तीत येऊन माणसं बडवायचे. पँथरांनी कायदा वाचला. कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघडपणे बाळगायला परवानगी होती. मग हे पोलिसांच्या गाडीमागं बंदूक आणि कायद्याचं पुस्तक घेऊन फिरायला लागले. अंतर राखून उभे राहायचे, बघत राहायचे. इतकंच.

गोऱ्या माणसाच्या खांद्यावर बंदूक असली की ती परंपरा, पूर्वजांचं शौर्य, घटनेनं दिलेला हक्क. काळ्याच्या खांद्यावर गेली तशी ती रातोरात 'धोका' झाली. १९६७ साली विधानसभेत बंदी घालणारं बिल आलं. २ मेला तीसेक पँथर बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात निषेध करायला गेले. गोळी सुटली नाही, कुणाला खरचटलं नाही. देशभर बातमी झाली ती हल्ल्यासारखी. त्याच वर्षी गव्हर्नर रोनाल्ड रेगननं बिलावर सही केली. हाच रेगन पुढं बंदूकवाल्यांचा लाडका राष्ट्राध्यक्ष.

हे माप जुनं झालं असं समजू नका. ३० एप्रिल २०२० रोजी मिशिगनच्या विधानभवनात रायफली घेऊन गोरी माणसं घुसली, कोरोनाचे निर्बंध नकोत म्हणून. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प म्हणाले, ही फार चांगली माणसं आहेत, रागावली आहेत फक्त. त्याच मे महिन्याच्या शेवटी मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, लोक रस्त्यावर आले, जाळपोळ झाली. तेच राष्ट्राध्यक्ष म्हणाले, गुंड! दोन्हीकडं राग होता. एकाकडं रायफल होती आणि केस कापायची दुकानं बंद असल्याची तक्रार, दुसऱ्याकडं प्रेत होतं. महिना एक, तोंड एक, शब्द दोन.

पुन्हा ओकलंडला येतो. १९६७ च्या एप्रिलमध्ये जवळच्या रिचमंडला पोलिसांनी डेन्झिल डॉवेल नावाच्या काळ्या पोराला मारलं. पेपरांनी पोलिसांचीच हकीकत छापली. पँथरांनी पोराच्या घरच्यांना विचारलं, जागा बघितली, आणि चार पानांचा अंक काढला. सायक्लोस्टाइल! हाच आपला शाईनं हात बरबटणारा, अक्षर फुटणारा प्रकार. 'द ब्लॅक पँथर'चा तो पहिला अंक. पुढं तोच पेपर दर आठवड्याला लाखाच्या घरात खपायला लागला.

१९६९ च्या जानेवारीत त्यांनी एका चर्चमध्ये पोरांना शाळेआधी फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली. एफबीआयचा प्रमुख हूवर याची झोप उडाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यानं आपल्या कचेऱ्यांना कळवलं की पँथरांचा सगळ्यात परिणामकारक उद्योग हा नाश्त्याचा आहे, तो हाणून पाडा. पोरांच्या ताटातली अंडी राज्याला बंदुकीपेक्षा भारी वाटली! १९७५ साली सरकारनं शाळेतला नाश्ता ही कायमची योजना केली. पँथरनं दिला तर धोका, सरकारनं दिला तर कल्याण. अंडं तेच.

५

आता त्या चौकटीपाशी या.

फ्रेड हॅम्प्टन. इलिनॉयच्या पँथरांचा अध्यक्ष. वय २१. त्यानं शिकागोत पोर्तो रिकोच्या पोरांना आणि दक्षिणेकडून आलेल्या गरीब गोऱ्या पोरांना एकत्र आणलं होतं. हे शेवटचं फार महाग पडलं. गरीब गोरा काळ्याशेजारी बसला की वरच्यांचं गणित मोडतं.

४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पावणेपाचच्या सुमाराला १४ पोलीस त्याच्या घरात घुसले. हॅम्प्टन बिछान्यातच मेला. शेजारी त्याची पोटुशी जोडीदारीण होती, ती वाचली. मार्क क्लार्क नावाचा दुसरा पँथर मेला. सरकारी वकील हॅनरहान यानं सांगितलं, पँथरांनी तुफान गोळीबार केला, पोलिसांनी कमालीचा संयम राखला. टीव्हीवर पोलिसांनी त्या पहाटेचं नाटकच करून दाखवलं. आणि 'शिकागो ट्रिब्यून'नं पहिल्या पानावर फोटो छापले. दाराच्या चौकटीवर गोल खुणा करून दाखवल्या. पँथरांनी पोलिसांवर झाडलेल्या गोळ्यांची ही भोकं!

तोच 'ट्रिब्यून', दोस्तांनो. ज्याच्या यादीवर आयडानं बेरीज मांडली तोच. आणि हे शहर तेच, जिथं आयडा लग्नानंतर राहिली आणि जिथं ती गेली.

पोलिसांनी एक चूक केली होती. घराला सील ठोकलं नव्हतं. पँथरांनी घर लोकांना उघडं केलं. या, बघा. थंडीत रांगा लागल्या. कामावरून परतणारी माणसं, म्हाताऱ्या, शाळेतली पोरं, हजारो माणसं त्या खोल्यांतून फिरून गेली. भिंतीला बोट लावून गेली. भोकं सगळी एकाच बाजूनं, बिछान्याकडं जाणारी. एक म्हातारी मान हलवत म्हणाली ते नोंदलं गेलंय, की हे दुसरं काही नाही, उत्तरेकडचं लिंचिंगच आहे. दक्षिणेतून जीव घेऊन उत्तरेला आलेल्यांपैकी ती असेल. तिला नाव शोधावं लागलं नाही.

'सन-टाइम्स' या दुसऱ्या पेपराचे बातमीदारही त्या घरात गेले. तेही प्रस्थापित पेपराचेच, पण त्यांनी जाऊन बघितलं. 'ट्रिब्यून'नं दाखवलेली भोकं म्हंजे खिळ्यांची डोकी होती.

पुढं संघराज्याच्या ग्रँड ज्युरीनं १९७० साली मोजलं. पोलिसांच्या गोळ्या ८२ ते ९९. पँथरांची गोळी एक. घराचा नकाशा एफबीआयला देणारा माणूस हॅम्प्टनच्याच संरक्षणावर होता, हेही नंतर बाहेर आलं. पोलीस आणि हॅनरहान १९७२ च्या खटल्यात सुटले. पण त्याच वर्षी हॅनरहान निवडणुकीत पडला, काळ्या वस्त्यांनी पाडला. १९८२ साली सरकारांनी मिळून साडेअठरा लाख डॉलर भरपाई द्यायचं कबूल केलं. एका बाजूला नव्वद, दुसऱ्या बाजूला एक, आणि त्याला पेपर म्हणतात 'चकमक'. हा शब्द कुठंही वाचला की आकडा विचारा. कुणाच्या किती?

एक गंमत सांगतो. १९६७ च्या दंगलींनंतर राष्ट्राध्यक्ष जॉन्सननं नेमलेल्या कर्नर आयोगानं १९६८ सालीच लिहून ठेवलं होतं, की अमेरिकेची वर्तमानपत्रं गोऱ्यांच्या जगात बसून गोऱ्यांच्या डोळ्यांनी बघतात. संपादकीय कामावर काळे पाच टक्क्यांहून कमी, वरच्या जागांवर एक टक्क्याहूनही कमी. अहवाल पुस्तक म्हणून धडाधड खपला. दुसऱ्या वर्षी खिळ्यांची गोळी झाली. अहवाल वाचून डोळे बदलत नाहीत.

६

शब्दाचं दुहेरी माप कायद्यात कसं उतरतं, त्याचं एकच उदाहरण देतो. कोकेन हा पदार्थ एक. भुकटी श्रीमंत गोरा नाकानं ओढायचा. तीच भुकटी सोड्यात शिजवली की खडा होतो, त्याला म्हणतात क्रॅक. तो स्वस्त, म्हणून गरीब काळ्या वस्तीत. १९८० नंतर टीव्ही-पेपरांनी क्रॅकचा राक्षस उभा केला. १९८६ साली कायदा झाला: ५ ग्रॅम क्रॅकला कमीत कमी पाच वर्षं. तीच पाच वर्षं भुकटीला कधी? ५०० ग्रॅमला. शंभरपट. २०१० साली कायदा बदलला तेव्हा शंभराचे अठरा झाले, एकास एक नाही झाले. आणि अफूच्या जातीच्या गोळ्यांनी गोऱ्यांची गावं पोखरली, तेव्हा भाषा बदलली. २०१७ साली सरकारनं त्याला सार्वजनिक आरोग्याचं संकट जाहीर केलं. काळा व्यसनी गुन्हेगार, गोरा व्यसनी पेशंट. पेशंट म्हणणंच बरोबर आहे. मग ते आधी का नाही सुचलं?

आणि २००५ सालचं न्यू ऑर्लिन्स. कॅटरिना वादळ, छातीभर पाणी. एका वृत्तसंस्थेच्या फोटोत काळा पोरगा पाण्यातून सामान ओढतोय, खाली ओळ: दुकान लुटून. दुसऱ्या संस्थेच्या फोटोत गोरं जोडपं, हातात पाव आणि पेयाच्या बाटल्या, खाली ओळ: दुकानातून मिळवून. छायाचित्रकारांनी नंतर खुलासे केले. एक म्हणाला, मी त्याला दुकानात जाताना पाहिलं. दुसरा म्हणाला, सामान पाण्यावर तरंगत होतं. असेलही. दोघं खोटं बोलले असं मी म्हणत नाही. पण कुणाकडं बघून कुठला शब्द आधी सुचतो, हे तो माणूस ठरवत नाही, त्याच्या आधीची शंभर वर्षं ठरवतात. आयडाच्या डोक्यात जे बसलं होतं, तेच इथं फोटोच्या खाली येऊन बसलं.

७

आता घरी या.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. 'केसरी'कडं जाहिरात पाठवली, पैसे देतो म्हटलं, तरी छापली नाही. फुकटची बातमी नव्हे, विकतची जागा! जाहिरातीलाही जात असते, हे तेव्हा कळलं. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधने'त राजा ढाले यांनी लिहिलं की राष्ट्रध्वजाच्या अपमानाला ३०० रुपये दंड आणि दलित बाईच्या अब्रूवर हात टाकला तर ५०. त्यांनीही बेरीजच मांडली होती. वादळ कशावर उठलं? ध्वजावर. पन्नास रुपयांवर नाही उठलं. ६ डिसेंबरला लाखो माणसं दादरला येतात, वह्या-पुस्तकं विकत घेऊन जातात. आणि कुठल्या ना कुठल्या पेपरात कचऱ्याची नि वाहतुकीची ओळ असतेच. कुठल्या जत्रेत भक्ती दिसते आणि कुठल्यात घाण, हे आपण ओळखतो.

ओळखतो, चिडतो, घोषणा देतो, विसरतो. इथंच आपला धडा अर्धा राहतो. आयडा चिडली नव्हती असं नाही, तिनं पिस्तूल घेतलं होतं. पण तिला आज जग ओळखतं ते बेरजेमुळं. पँथरांकडं बंदुका होत्या. पण शिकागोत 'ट्रिब्यून'ला उघडं पाडलं ते बंदुकीनं नाही, उघड्या ठेवलेल्या दारानं.

म्हणून कार्यकर्त्यांनो, कामाचं सांगतो. प्रत्येक शाखेनं एक वही करावी. तालुक्यात आपल्या माणसावर काही झालं की त्या दिवसाचे सगळे पेपर घ्या, कात्रण चिकटवा, तारीख घाला. मथळ्यात कुठला शब्द आहे तो खाली लिहा: 'दंगल' की 'हल्ला', 'जमाव' की 'नागरिक', 'वाद' की 'खून'. महिन्याभरानं त्याच पेपरानं वरच्या आळीतल्या तशाच घटनेला कुठला शब्द वापरला तो शेजारी लिहा. पोलिसांच्या कागदातला आकडा त्यांच्याच कागदातून उतरवा. आणि जागेवर जा. फोनवर आलेला फोटो, मग तो त्यांचा असो की आपला, हात लावून बघितल्याशिवाय पुढं पाठवू नका. कारण आपणही एखाद्या खिळ्याला गोळी म्हणालो, की आपल्या खऱ्या नव्वद गोळ्याही खोट्या ठरवायला ते टपलेलेच आहेत.

वर्षाच्या शेवटी बेरीज करा आणि इथं पाठवा. आम्ही छापू.

जय भीम.